एका टाक्यानं कूस राखली: शिरोड्याचे डॉ. विठ्ठल शिरोडकर

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते. डॉक्टर सांगतात, पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालावा लागेल. घरात काळजी पसरते. सासू विचारते, पोट फाडावं लागेल का? डॉक्टर म्हणतात, नाही, खालून होतं, एक-दोन दिवसांत घरी. टाका पडतो, नववा महिना लागतो, लेकरू हाती येतं. गावोगावच्या कित्येक घरांत असं घडलेलं आहे.

हा टाका मुळात ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते डॉक्टर आपल्याच मुलखातले होते. जगभरच्या डॉक्टरकीच्या पुस्तकांत हे ऑपरेशन त्यांच्याच नावानं छापलेलं आहे. त्यांचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोड्याहून मुंबईला

विठ्ठलरावांचा जन्म १८९९ सालचा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. वेंगुर्ल्याजवळ मिठाच्या सत्याग्रहानं गाजलेलं शिरोडा ते वेगळं. हे फोंडा तालुक्यातलं, कामाक्षी देवीच्या मंदिराचं शिरोडा. गावावरूनच त्यांचं आडनाव पडलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. शाळेचं शिक्षण त्यांनी हुबळीला पुरं केलं आणि डॉक्टर व्हायला मुंबई गाठली.

मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं जे. जे. रुग्णालय. १८४५ साली सुरू झालेलं हे कॉलेज देशातल्या जुन्या मेडिकल कॉलेजांपैकी एक. शिरोडकर इथून १९२३ साली एम.बी.बी.एस. झाले. पुढं बाळंतपण आणि स्त्रीरोग हा विषय घेऊन १९२७ साली एम.डी. केलं. मग इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. ही सर्जनची मोठी पदवी घेतली.

शिकून आले ते परत मुंबईलाच. पुढं ग्रँट मेडिकल कॉलेजात ते बाळंतपण आणि स्त्रीरोग या विषयाचे मानद प्राध्यापक झाले. १९५५ पर्यंत त्यांनी तिथं शिकवलं. जे. जे. हा सरकारी दवाखाना. तिथं येणाऱ्या बाया गोरगरिबाघरच्या. त्या बायांची जी दुखणी होती, तीच शिरोडकरांच्या संशोधनाचा विषय बनली.

दोष बाईचा नव्हताच

त्या काळात एक दुखणं डॉक्टरांना फार हैराण करत होतं. बाईला दिवस जायचे, पहिले तीन महिने सुखरूप जायचे, आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात अचानक सगळं संपायचं. फार कळा नाहीत, आधी काही इशारा नाही. पिशवीचं तोंड आपोआप उघडायचं, पाणमोट खाली यायची, फुटायची आणि जिवंत गर्भ बाहेर पडायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. कुणाचे चार गर्भ गेलेले, कुणाचे त्याहून जास्त.

घरोघरी याची कारणं वेगळीच सांगितली जायची. कुणी नजर लागली म्हणायचं, कुणी बाईचा पायगुण काढायचं. तिनं जड उचललं असेल, काही उष्ण खाल्लं असेल, असंही बोललं जायचं. आणि शेवटी वांझपणाचा ठपका तिच्याच माथी बसायचा. नवऱ्याचं दुसरं लग्न लावण्यापर्यंत गोष्ट जायची.

डॉक्टरांकडे तरी काय होतं? अंथरुणाला खिळून राहा, हार्मोनची इंजेक्शनं घ्या, जीवनसत्त्वं घ्या. शिरोडकरांच्या ध्यानात आलं की यातल्या काही बायांना कितीही झोपवून ठेवलं, कितीही इंजेक्शनं दिली, तरी फरक पडत नाही. मग त्यांनी वेगळ्या अंगानं विचार केला. दोष रक्तात किंवा हार्मोनमध्ये नसून पिशवीच्या तोंडातच असेल तर?

गर्भपिशवी म्हणजे उलटी धरलेली थैली समजा. वर लेकरू वाढतं आणि खाली तोंड असतं. हे तोंड इंच-दीड इंच लांब नळीसारखं असतं. त्या नळीचा आतला काठ नऊ महिने घट्ट मिटलेला राहायला हवा. थैलीची नाडी आवळलेली असावी तसा. काही बायांमध्ये हा आतला काठ मुळातच कमजोर असतो. काहींमध्ये आधीच्या अवघड बाळंतपणात तो फाटलेला असतो, तर काहींमध्ये पिशवीच्या तोंडावर झालेल्या ऑपरेशनमुळे सैल पडलेला असतो. गर्भ लहान असतो तोवर निभावतं. वजन वाढलं की नाडी सुटते.

शिरोडकर नुसत्या अंदाजावर थांबले नाहीत. अशा गरोदर बायांना ते पुन्हा पुन्हा आतून तपासत आणि तोंड खरंच सैल होत चाललंय का, याची खात्री करून घेत. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बोटांना जे कळेल तेच खरं. खात्री पटली तरच पुढचं पाऊल.

नाडी सुटते ना, मग आवळा

अशी कमजोरी असते हे परदेशातही काही डॉक्टरांना कळलं होतं. अमेरिकेत लॅश या डॉक्टरांनी १९५० साली यावर एक ऑपरेशन मांडलं होतं. पण ते दिवस गेलेले नसताना करायचं, आणि त्यात पिशवीच्या तोंडाचा थोडा भाग कापून शिवायचा असे. शिरोडकरांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ठरवलं की काही कापून टाकायचं नाही, आणि गर्भ पोटात असतानाच तोंड आवळायचं.

ऑपरेशन असं होतं. बाईच्या मांडीतल्या स्नायूवर एक पांढरं, चिवट आवरण असतं. त्यातून एक अरुंद पट्टी काढायची. मग योनीमार्गातून, म्हणजे खालून, पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायचं. पुढच्या बाजूला लघवीची पिशवी चिकटलेली असते, ती हलक्या हातानं वर सरकवायची. मागच्या बाजूलाही छोटा छेद घ्यायचा. मग ती पट्टी आतल्या काठाच्या पातळीवर तोंडाभोवती फिरवून आवळायची आणि वरून त्वचा शिवून टाकायची. पोटावर एकही चीर नाही. पट्टी बाईच्याच अंगातली, त्यामुळे शरीर तिला परकं मानत नाही.

गर्भ पोटात असताना पिशवीला हात लावायचा, हीच तेव्हा मोठी हिंमत होती. जरा धक्का लागला तर तिथल्या तिथं गर्भ पडेल, अशी भीती. ती भीती शिरोडकरांनी आपल्या हाताच्या सफाईनं खोटी ठरवली. आधी एकही मूल न टिकलेल्या बायांच्या कुशीत लेकरं आली.

१९५५ साली त्यांनी हे काम कागदावर मांडलं. लेख छापला तो मद्रासहून निघणाऱ्या द अँटिसेप्टिक या मासिकात. लंडन-न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या मासिकात नव्हे. तरी बातमी समुद्रापार पोचली. शिरोडकरांनी स्वतः परदेशांत जाऊन तिथल्या डॉक्टरांपुढे आपली पद्धत मांडली. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतले डॉक्टर हे ऑपरेशन करू लागले. तोवर भारतातले डॉक्टर विलायतेला शिकायला जात. इथं उलटं झालं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात निघालेली युक्ती विलायतेनं शिकून घेतली.

पुढं या टाक्यात बदल झाले. मांडीतली पट्टी काढायचं बंद होऊन पक्क्या धाग्याची विणलेली पट्टी वापरात आली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपी रीत सांगितली. तिच्यात लघवीची पिशवी सरकवायची नाही, तोंडाच्या कडेनं बटव्याची दोरी ओवावी तसा धागा ओवून गाठ मारायची. ती करायला सोपी, काढायलाही सोपी, म्हणून आज बऱ्याच दवाखान्यांत तीच रीत चालते. शिरोडकरांचा टाका जास्त वर बसतो, पण हात अधिक कसलेला लागतो आणि रक्तही थोडं जास्त जातं. कुठला टाका घालायचा हे डॉक्टर त्या बाईला तपासून ठरवतात.

अंग बाहेर येतं म्हणून पिशवी काढायची का?

शिरोडकरांचं नाव टाक्यामुळे झालं. पण त्यांचं दुसरं कामही तेवढंच मोलाचं आहे, आणि ते खेड्यातल्या बायांच्या जास्त जवळचं.

अंग बाहेर येणं हे दुखणं शेतात राबणाऱ्या बाईला नवं नाही. लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर पुरेसा आराम नाही, चार-आठ दिवसांत डोक्यावर हंडा नाहीतर भारा. पिशवीला वर धरून ठेवणारे बंध ताणले जातात आणि पिशवी खाली उतरते. बसायला त्रास, लघवीला त्रास, कंबर धरलेली. लाजेपायी बाई वर्षानुवर्षं बोलत नाही. काही बायांचे बंध जन्मतःच नाजूक असतात. त्यांना एकही मूल झालेलं नसताना हा त्रास सुरू होतो.

वयस्क बाई असेल तर पिशवी काढणं हा उपाय होता. पण वीस-बावीस वर्षांच्या, अजून मूल हवं असलेल्या बाईचं काय? तिच्यासाठी तेव्हा जे ऑपरेशन होतं, त्यात पिशवीचं तोंड कापून आखूड करत. अंग वर जायचं, पण तोंडच कापल्यामुळे पुढं दिवस गेले की गर्भ टिकायचा नाही. एक दुखणं बरं करताना दुसरं पदरात पडायचं. एकीकडे गर्भ टिकत नाही म्हणून येणाऱ्या बाया बघणाऱ्या शिरोडकरांना हे खटकणं साहजिकच होतं.

त्यांनी झोळीचं ऑपरेशन बसवलं. पिशवीचं तोंड कापायचं नाही. ताणलेल्या बंधांच्या जागी नवा बंध बांधायचा. एक पट्टी घ्यायची, तिचं एक टोक पिशवीच्या तोंडाला मागच्या बाजूनं शिवायचं आणि दुसरं टोक कमरेच्या मणक्यांखाली असलेल्या मोठ्या हाडाच्या वरच्या काठाला पक्कं करायचं. छपराला दोरीनं झोळी टांगावी तशी पिशवी जागेवर टांगली जाते. ती तिथंच राहते, पाळी चालू राहते, पुढं मूलही होऊ शकतं.

हे ऑपरेशन अवघड होतं. आजूबाजूला आतडी आणि लघवीची नळी असते, त्यांना धक्का न लावता पट्टी न्यावी लागते. आणि त्या काळी यासाठी पोट उघडावंच लागायचं. मुंबईतलेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पिशवी पुढच्या बाजूनं, पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला बांधायची रीत काढली. पुढं आणखी भारतीय डॉक्टरांनी आपापल्या झोळ्या बसवल्या. पिशवी न काढता वर बांधण्याच्या या कामात भारतातले, त्यातही मुंबईचे डॉक्टर पुढं राहिले.

आज हीच झोळी दुर्बिणीतून बांधता येते. पोटावर अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून बारीक हत्यारं. डॉक्टर समोरच्या पडद्यावर बघून काम करतात. जखम लहान, दुखणं कमी, घरी लवकर. खालून घातलेला टाका टिकत नाही अशा बायांना पिशवीच्या तोंडाचा टाकाही दुर्बिणीतून, पोटाच्या बाजूनं घालता येतो. तो घातला तर बाळंतपण मात्र सिझेरियननंच करावं लागतं. शिरोडकरांच्या हयातीत ही सोय नव्हती. पण आज दुर्बिणीतून जे बांधलं जातं, त्यामागची युक्ती त्यांची आहे.

मान मिळाला, काम थांबलं नाही

गर्भनळ्या बंद झाल्यामुळे मूल होत नसलेल्या बायांच्या नळ्या मोकळ्या करण्याच्या ऑपरेशनवरही शिरोडकरांनी काम केलं. जन्मतः योनीमार्ग नसलेल्या मुलींसाठी तो तयार करण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी केल्या. त्याच वेळी कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही ते होते. मूल हवं असेल त्या बाईला ते मिळावं, आणि नको असेल तेव्हा तिच्यावर लादलं जाऊ नये, अशा दोन्ही बाजूंचं काम एकाच डॉक्टरच्या हातून झालं.

१९६० साली त्यांचं पुस्तक परदेशात छापलं गेलं. आपल्या ऑपरेशनांची माहिती त्यांनी त्यात दिली. त्याच वर्षी सरकारनं पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९७१ मध्ये पद्मविभूषण जाहीर झालं. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचं निधन झालं.

टाका सगळ्यांसाठी नाही

शिरोडकरांनी टाका घातला तो खात्री करून, निवडक बायांना. पुढं जगभर त्याचा वापर वाढला, तेव्हा नको तिथंही घातला जाऊ लागला. मग खरा फायदा कुणाला होतो याची मोठी तपासणी झाली. १२ देशांतल्या जवळपास १३०० गरोदर बायांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं की सरसकट सगळ्यांना टाका घालून फार फरक पडत नाही. ज्यांचे तीन किंवा जास्त गर्भ मधल्या महिन्यांत गेले किंवा बाळंतपण फार लवकर झालं, त्यांना मात्र चांगला फायदा होतो.

आता सोनोग्राफीनं पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. आधी असा गर्भ गेलेला असेल आणि लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर टाक्याचा विचार करतात. इतिहास स्पष्ट असेल तर तिसरा महिना संपता संपता, म्हणजे १२ ते १४ आठवड्यांत टाका घालतात. खालून घातलेला टाका साधारण ३६-३७ आठवड्यांना काढतात. मग नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. टाका असताना पाणी जायला लागलं, रक्त दिसलं, कळा सुरू झाल्या किंवा ताप आला, तर रात्र-दिवस न बघता लगेच दवाखाना गाठायचा. कळा सुरू असताना टाका तसाच राहिला तर पिशवीचं तोंड फाटू शकतं.

आज ही गोष्ट का आठवायची

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची बातमी देशभर गाजली. सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या होत्या. अंगावरून जातं, पोटात दुखतं, पाळीत खाडा नको, अशी कारणं. कुणाला कॅन्सरची भीती घातलेली.

पिशवी काढावीच लागते अशी दुखणी आहेत, त्यात वाद नाही. कॅन्सर असेल, दुसऱ्या कशानंच न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ऑपरेशन जीव वाचवतं. पण पांढरं जाणं किंवा साधी सूज याला गोळ्यांचा उपाय असतो. जास्त रक्त जात असेल तर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी वस्तू आत बसवता येते. पिशवीतला कोंब खालून दुर्बीण घालून काढता येतो. नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. अंग बाहेर येत असेल तर व्यायाम आहे, रिंग आहे, झोळी आहे. तरुणपणी पिशवी काढली, त्यातही अंडाशयं काढली, तर पाळी वेळेआधी बंद होते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मग त्याच बाईला पुढची तीस-चाळीस वर्षं ते दुखणं घेऊन राबावं लागतं.

म्हणून पिशवी काढायची असं कुणी सांगितलं, तर आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. नेमका आजार काय? औषधानं किंवा लहान ऑपरेशननं भागेल का? पिशवी काढली तर अंडाशयं राहणार की जाणार? सोनोग्राफी आणि तपासणीचे कागद सांभाळून ठेवावेत आणि उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांचं दुसरं मत घ्यावं. मोठ्या ऑपरेशनची घाई क्वचितच असते. आठ दिवस थांबून विचारलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

शिरोड्याच्या विठ्ठलरावांनी सत्तर वर्षांपूर्वी साध्या साधनांनी दाखवून दिलं की सैल झालेलं आवळता येतं, खाली उतरलेलं वर बांधता येतं, आणि दर वेळी कापून टाकायची गरज नसते. त्यांच्या टाक्यावर आज जगात कुठं ना कुठं एखादी आई नववा महिना गाठते आहे. त्यातली एखादी आपल्या तालुक्यातलीही असेल.